समुद्रावर गेलेली छागल

ज्या वर्षी रुपरावांना कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत क्वार्टर मिळाले आणि त्याच क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्यांच्या शामलाचे बारसे झाले, त्या वर्षी मी त्या घरात आले. साल एकोणीसशे पंचाहत्तर. बायका पाळण्याभोवती गात होत्या आणि मी दारामागच्या खुंटीवर नवी कोरी लटकत होते. माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी छागल पाहिलीही नसेल. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. वर निमुळते तोंड, त्याला लाकडाचे बूच आणि खांद्याला अडकवायला पट्टा. माझ्या अंगातून पाणी अगदी थोडे थोडे पाझरते. त्याला वारा लागला की ते उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. नागपूरच्या मे महिन्यात डांबर पायाला चिकटते, पाखरे झाडाखाली चोच उघडी टाकून बसतात, तेव्हा माझ्या पोटातले पाणी विहिरीतून नुकते काढल्यासारखे गार असे. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

माझा जन्म इतवारीतला. तिथे चंपतराव नावाचे एक कारागीर ट्रकच्या ताडपत्र्या शिवत. उरलेल्या चांगल्या कापडाच्या ते छागली करत. दोऱ्याला मेण लावून त्यांनी माझी शिवण घातली. रुपराव मला घ्यायला आले, तेव्हा त्यांनी माझ्यात पाणी भरून पाहिले. मी खालून टपटप गळू लागले.

"हे त गळून राहिली ना गा!" रुपराव म्हणाले.

"गळनच ना गा भाऊ! लेकरू पहिल्या दिशी चालते का? रातभर पान्यात बुडवून ठेवा. कापड फुगन, शिवन भरन. मंग थेंब पडला त मले येऊन सांगजा."

चंपतरावांचे बोल खरे ठरले. छागल वापरण्याच्या आदल्या रात्री तिला भिजत घालावे लागते. कोरडी छागल रिकामी होते, भिजलेली छागल पाणी धरते.

रुपरावांनी मला आणले ते त्यांच्या आईसाठी. तिचे नाव रंभाबाई. पारशिवनीकडच्या एका खेड्यात त्यांची थोडी शेती होती. तिथे एस.टी.ने त्यांचे जाणे-येणे असे. रंभाबाई घराबाहेरचे पाणी पीत नसत. स्टँडवरच्या नळाचे नाही, पाणपोईचे नाही, लग्नघरचेही नाही. उन्हात चार तास काढतील, ओठ सुकतील, पण कोणी तांब्या पुढे केला की म्हणतील, "नोको माय, मले तहान नाही."

गावात आणि वसाहतीत सगळे म्हणत, की म्हातारीचे सोवळे फार कडक. रुपरावही तेच समजत. सोवळे असे समजून कोणी पुढे विचारले नाही.

रंभाबाईंची माझ्यासाठीची तयारी ठरलेली होती. मागच्या अंगणात त्यांची एक लहानशी चूल होती. तिच्यावर पितळेच्या गुंडात त्या पाणी उकळत. उकळलेले पाणी दुहेरी पांढऱ्या फडक्यातून गाळत, झाकून ठेवत, आणि सकाळी हात धुऊन माझ्यात भरत. या कामाला त्या दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

गोपिका म्हणजे त्यांची सून. ती मनाने निर्मळ आणि हाताने चपळ होती. रंभाबाईंनी तिला सगळे दिले होते. तिखटाची बरणी दिली, कोठीची किल्ली दिली, शामलाला न्हाऊमाखू घालणे दिले. फक्त मला दिले नाही. एकदा रंभाबाईंना ताप होता आणि दुसऱ्या दिवशी गावी जायचे होते. गोपिकाने सासूचे कष्ट वाचावेत म्हणून मला घरच्या माठातल्या पाण्याने भरून ठेवले. रंभाबाई उठल्या, बूच काढले, मला लिंबाच्या झाडाच्या बुंध्याशी नेले आणि सगळे पाणी ओतून टाकले. मग त्यांनी चूल पेटवली.

गोपिका दारात उभी होती. त्या दिवसापासून ती माझ्या खुंटीजवळून जाताना माझ्याकडे बघत नसे. तिला काय वाटत असेल ते मला कळत होते. ज्या घरात आपण रांधलेले चालते, त्या घरात आपण भरलेले पाणी चालत नाही, हा सल लहान नसतो.

अशी सहा-सात वर्षे गेली. शामला शाळेत जाऊ लागली. एक दिवस रुपराव ड्यूटीवरून आले ते हसतच.

"अवं, आपन गोव्याले चाललो! ऑफिसातून सवलत भेटली. मुंबईपर्यंत गाडी, अन् मुंबईहून जहाज!"

"जहाज?" गोपिकाने हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली. "पान्यातलं?"

"नाही, वावरातलं!" रुपराव म्हणाले, आणि शामला इतकी हसली की तिला उचकी लागली.

त्यानंतर पंधरवडाभर त्या घरात जत्रा भरली. वसाहतीत कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून सगळेच सल्ला द्यायला मोकळे होते. शेजारचे नत्थूजी रुपरावांबरोबर बॉयलरवर काम करत. ते रोज संध्याकाळी येऊन बसत.

"नारळ घेऊन जाजा. पहिले समुद्राले नारळ वाहायचा, मंग जहाजात पाय ठेवायचा. नाही त जहाज हालते."

"नाही वाहला त हालते, अन् वाहला त?" गोपिकाने आतून विचारले.

"वाहला त कमी हालते," नत्थूजी गंभीरपणे म्हणाले.

त्यांची बायको इंदूबाई यांनी दुसरे सांगितले. "कांदे ठेवजा वं खिशात. एकेकाच्या खिशात एकेक. मे महिना हाय, लू लागन." नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात घराबाहेर पडताना कांदा लागतोच. समुद्रावर लू म्हणजे तो भाजून काढणारा वारा नसतो, हे तिथे कोणाला माहीत असणार? चौघांसाठी चार कांदे, आणि वर दोन जास्तीचे, असे होल्डॉलच्या कप्प्यात गेले.

होल्डॉलमध्ये गाद्या गेल्या. ट्रंकेत कपडे, पापड, तिळाची चटणी, शेव, कंदील, छत्री, रुपरावांची दाढीची पेटी, इतकेच काय, एक पाटही गेला. मित्रांनो, मी खुंटीवरून हे सगळे पाहत होते आणि एक गोष्ट शिकले. मोठी वस्तू कोणी विसरत नाही. तिच्यासाठी सगळे जण दोरी घेऊन धावतात. जी वस्तू निघेपर्यंत कामात असते तीच घरी राहते. केस विंचरायची फणी आरशापाशी राहते. चष्मा खिडकीत राहतो. दातांचे मंजन मोरीवर राहते. अंगणात लिंबाचे झाड होते, त्याला लिंबे लगडली होती, आणि गोपिकाने "निघताना ताजी तोडू" म्हणून ठेवली. ती झाडावरच राहिली.

आणि मी? मला आदल्या रात्री मोरीतल्या बादलीत भिजत घातले होते.

निघायच्या सकाळी एकच धांदल उडाली. सीताबर्डीची बस यायची वेळ झाली. रंभाबाई गाळलेले पाणी झाकून ठेवून देवाला हळदकुंकू वाहायला गेल्या, तेवढ्यात नत्थूजी ओरडले, "आली वं बस, आली!" सगळे सामान घेऊन धावले. कडी लागली, कुलूप लागले. मी बादलीत पाण्याखाली होते. कुलपाचा आवाज मला बादलीतूनही ऐकू आला.

थोड्या वेळाने तेच कुलूप पुन्हा वाजले. रंभाबाई बसच्या पायरीवरून परत फिरल्या होत्या. मागून रुपराव, त्यांच्या मागून नत्थूजी.

"माय, राहू दे ना वं! बस निघून जाईन. जहाजावर चारी बाजूनं पानीच पानी हाय. छागल कायले पायजे?"

"काकू, समुद्र पेऊन सरन का तुमच्यानं?" नत्थूजी म्हणाले.

रंभाबाईंनी मला बादलीतून काढले, पिळले नाही, नुसते झटकले, आणि गुंडातले पाणी माझ्यात ओतू लागल्या. "तुमी जा," त्या म्हणाल्या, "मी घरीच राह्यते."

नत्थूजींनी बाहेर जाऊन ड्रायव्हरला गोष्टीत गुंतवून ठेवले. मी रंभाबाईंच्या खांद्यावर बसून बसमध्ये चढले.

मुंबईच्या गाडीत मी माझे काम चोख केले. रुपरावांनी मला खिडकीबाहेर गजाला बांधले. वाऱ्याने माझे अंग सुकायचे, पुन्हा ओले व्हायचे. डब्यातला एक गृहस्थ म्हणाला, "वा, काय गार पाणी आहे हो!" रंभाबाईंनी त्याला एक पेला दिला, पण आपण मात्र मोजके प्यायल्या. परतीपर्यंत पाणी कसे पुरवायचे, हा विचार त्यांनी केला होता की नाही कोण जाणे. विचारले असते तर "पाहू" म्हणाल्या असत्या.

मुंबईला उतरल्यावर आम्ही थेट धक्क्यावर गेलो. जहाज पाहून शामलाने आईचा पदर घट्ट धरला. रुपरावांनी नत्थूजींच्या सांगण्याप्रमाणे समुद्राला नारळ वाहिला. तो पाण्यात पडताच टुपकन वर आला आणि धक्क्याच्या कडेने तरंगत गेला. तोवर इतर लोक धावत जाऊन डेकवर चटया टाकून बसलेही होते. आमच्या मंडळींना वाटले होते की जहाजातही गाडीसारखे बाक असतात आणि ज्याचा बाक त्याला मिळतो. आता उरली होती ती इंजिनाच्या भिंतीजवळची गरम जागा. तिथेच होल्डॉल उघडला.

शेजारच्या चटईवर मालवणच्या एक मावशी बसल्या होत्या. सुटसुटीत बाई. एक टोपली, तिच्यावर झाकलेले सूप, एक चटई, बस्स. आमची ट्रंक, कंदील, पाट पाहून त्या बघतच राहिल्या.

"तुमी खंयचे?"

"नागपूरचे," गोपिका म्हणाली.

"बोटीतच ऱ्हवाक इलात काय?" मावशींनी विचारले. शब्द कळले नाहीत तरी चेष्टा कळली. गोपिका हसली आणि तिने पाट होल्डॉलखाली लपवला.

रुपरावांनी मला कठड्याला बांधले. सगळ्या डेकवर माझ्यासारखे कोणी नव्हते. मला वाटले, आता या कोकणच्या लोकांना दाखवू नागपूरची छागल काय चीज असते.

पण मित्रांनो, माझे काहीतरी बिनसले होते. वारा भरपूर होता, तरी माझे अंग सुकेना. वारा स्वतःच ओला होता. माझ्या अंगावरचे पाणी उडून जाईना, ते नुसते थेंब होऊन ओघळू लागले. दुपारी रंभाबाईंनी एक घोट घेतला आणि मला हलवून पाहिले. पाणी कोमट होते. इतकी वर्षे मी ज्या गारव्याचा तोरा मिरवला, तो माझा नव्हताच. तो नागपूरच्या कोरड्या हवेचा होता. हे मला त्या कठड्यावर लटकताना कळले, आणि मी खूप लाजले.

दुपार कलली आणि समुद्र उचंबळू लागला. जहाज एकदा डावीकडे झुके, एकदा उजवीकडे. आधी शामलाला ओकारी झाली. गोपिका लिंबू शोधू लागली आणि मग कपाळावर हात मारून बसली. लिंबे कोराडीच्या झाडावर होती. शेवटी तिने कांदा फोडून शामलाच्या नाकाशी धरला. मावशींनी टोपलीतून आमसूल काढून दिले. "चघळ गो बाय," त्या म्हणाल्या.

शामलाला पुन्हा पुन्हा होई. दर वेळी रंभाबाई मला उतरवत, नातीला चूळ भरायला पाणी देत, मग दोन घोट पाजत, आणि बूच लावत. गोपिका म्हणाली, "आत्याबाई, चूळ त नळाच्या पान्यानं भरू द्या ना." पण रंभाबाई ऐकेनात. "लेकराच्या तोंडात जाते वं ते."

दिवस मावळायच्या बेताला शामला निजली. मी तोवर रिकामी झाले होते. आणि आता रंभाबाईंची पाळी आली.

म्हातारीला ओकाऱ्यांनी पार पिळून काढले. त्या होल्डॉलवर आडव्या झाल्या. ओठ पांढरे पडले, जीभ कोरडी, डोळे आत गेलेले. रुपरावांनी जहाजाच्या नळावरून पेला भरून आणला.

"माय, पे."

"मले तहान नाही."

"अवं माय, सारं पोट रिकामं झालं तुहं! पे ना वं!"

"सकाळी उतरल्यावर पाहू."

त्यांनी चहा आणून पाहिला. रंभाबाईंनी एक घोट घेतला तो तसाच उलटला. मालवणच्या मावशी जवळ आल्या. त्यांनी रंभाबाईंचा हात धरला, मनगटाची कातडी चिमटीत ओढली. ती तशीच उभी राहिली. मावशींचा चेहरा बदलला.

"म्हातारी सुकली रे बाबा. सकाळपर्यंत थांबू नकात. नारळ नाय काय तुमच्याकडे?"

रुपरावांनी समुद्राकडे पाहिले. त्यांच्या त्या पाहण्याचे एरवी कोणालाही हसू आले असते. तेव्हा मात्र कोणाला हसू आले नाही.

त्यांनी मला कठड्यावरून सोडले आणि गोपिकाला बाजूला नेले. हळूच म्हणाले, "नळावर भर इले. माय विचारन त घरचंच हाय म्हन. छागलीतलं पेल्यावर तिले काय समजते?"

गोपिका मला हातात घेऊन उभी राहिली. लिंबाखाली पाणी ओतले गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदा मी तिच्या हातात आले होते.

"खोटं पाजू?" ती म्हणाली.

"जीव वाचवाचा का नाही?"

गोपिका रंभाबाईंजवळ जाऊन बसली. डोक्यावरून हात फिरवला आणि विचारले, "आत्याबाई, मले खरं सांगा. तुमी बाहेरचं पानी काहून पेत नाही?"

हा प्रश्न त्या घरात कधी कोणी विचारलाच नव्हता. रंभाबाईंनी डोळे उघडले.

"मधुकर होता ना माहा," त्या म्हणाल्या. "रुपरावच्या पहिलेचा. जत्रेत पानी पाजलं म्या त्याले. ऊन होतं, रडून राह्यला होता. एक बाई तांब्यानं वाटून राह्यली होती, म्या वंजळीनं पाजलं. रातीपर्यंत पटकीनं गेला."

रुपराव मागे उभे होते. आपल्या आधी एक भाऊ होऊन गेला हे त्यांना ठाऊक होते. कसा गेला हे ठाऊक नव्हते.

"मंग हे सोवळं नाही?" गोपिकाने विचारले.

"कायचं सोवळं वं!" रंभाबाई पुटपुटल्या. "मले भेव लागते."

गोपिका उठली. मला खांद्याला लावले, ट्रंकेतून धुतलेले पांढरे लुगडे काढले आणि चालू लागली. डेक हलत होता. दोन वेळा ती भिंतीला आपटली. जहाजाच्या उपाहारगृहात चार-पाच पुरुष घामाघूम होऊन काम करत होते. एरवी वसाहतीच्या दुकानात सासऱ्याच्या वयाचा माणूस असला तर ती पदर सावरून मागे उभी राही. त्या दिवशी ती थेट शेगडीशी जाऊन उभी राहिली.

"भाऊ, मले पानी उकळून पायजे."

"चहा घ्या ना बाई."

"चहा नोको. पानी. खळखळ उकळून."

स्वयंपाक्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि पातेले चढवले. उकळी आल्यावर तो उतरवायला गेला, तर गोपिकाने त्याचा हात अडवला. "अजून." त्याने पुन्हा ठेवले. दुसऱ्यांदा उतरवायला गेला, तरी तेच. "तुमच्याकडे पाणी शिजवतत काय?" तो म्हणाला. पण त्याने गॅस कमी केला नाही. मग गोपिकाने साबणाने हात धुतले, माझे बूच उकळत्या पाण्यातून काढले, लुगड्याचा काठ दुहेरी केला आणि पाणी गाळून माझ्यात ओतले.

गरम पाणी माझ्या पोटात पडले तेव्हा मला वाटले, आता तरी मी उपयोगी पडावे. नागपूरच्या वाऱ्यात मी ते बघता बघता निववले असते. इथे माझी मात्रा चालत नव्हती. गोपिकाने मला कठड्याला बांधले. रुपराव आले. त्यांनी धोतराच्या घडीतून वर्तमानपत्र काढले आणि मला वारा घालू लागले. मला राहू द्या म्हणणारे, माझ्यावर हसणारे रुपराव! हात दुखला की ते हात बदलत, पण थांबत नसत. मालवणच्या मावशीही सुपाने वारा घालू लागल्या. छागलीला वारा घालणारी माणसे त्या जहाजाने तेव्हा प्रथमच पाहिली असतील.

हळूहळू माझा चटका उतरला. गार नाही, पण पिण्याजोगे पाणी झाले. गोपिकाने मला सोडले. रुपराव कानाशी येऊन म्हणाले, "आतातरी घरचं म्हन वं. नाही म्हनली त काय करशीन?"

गोपिका रंभाबाईंजवळ बसली. पेला भरला. रंभाबाईंनी विचारलेच.

"घरचं हाय?"

मी श्वास रोखून धरला. छागलीला श्वास असतो की नाही माहीत नाही, पण मी धरला.

"नाही आत्याबाई. घरचं सरलं. हे जहाजावरचं हाय. म्या उभी राहून उकळवलं. तीनदा उकळी आनली. धुतल्या लुगड्यातून गाळलं. तुमी करता तसंच."

लाट आदळली आणि सगळे सामान सरकले.

"कोनं भरलं?"

"मीनं."

"हात धुतले होते?"

"साबनानं."

"बुचाले फुंक त नाही मारली?"

"नाही ना वं आत्याबाई!" गोपिका म्हणाली, आणि बोलता बोलता तिला रडू फुटले.

"रडून काय राह्यली? त्यात पडन ते," रंभाबाई म्हणाल्या. "आन इकडं."

त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला, डोळे मिटून बसल्या. मग दुसरा. मग पेला संपवला आणि पुढे केला. गोपिकाने पुन्हा भरला. मागे उभ्या असलेल्या रुपरावांनी तोंड फिरवून समुद्राकडे केले. मालवणच्या मावशी सुपानेच डोळे पुसायला निघाल्या होत्या, मग पदर घेतला.

"कोमट हाय," रंभाबाई म्हणाल्या.

"हो."

"असू दे."

सकाळी जहाज पणजीला लागले. रंभाबाई उठून बसल्या होत्या. उतरायची गर्दी झाली तेव्हा गोपिकाने मला सासूपुढे धरले. रंभाबाईंनी पट्टा हातात घेतला, जरा थांबल्या, आणि तो गोपिकाच्या खांद्यावर टाकला. "तूच भरत जाय आता," त्या म्हणाल्या. "माह्यानं नाही होत."

त्यांचे हात चांगले मजबूत होते. घरी परतल्यावर त्यांनी अंगणात कुदळ मारून लिंबाला आळे केले. पण मला त्यांनी पुन्हा भरले नाही. त्या दिवसापासून गोपिका पाणी उकळे, गाळे, मला भरे. आणि रंभाबाई न विचारता पीत.

मित्रांनो, पुढची हकिगत थोडी आहे. काही वर्षांनी घरात फ्रीज आला. शामला शाळेत निळ्या रंगाची प्लास्टिकची बाटली नेऊ लागली. पुढे रंभाबाईंच्या गुडघ्यांनी जबाब दिला, मग गावाकडचे जाणे-येणे थांबले. मी खुंटीवर गेले. भिजवणारे कोणी नाही, म्हणून माझे कापड कडक झाले. वीज केंद्राची राख माझ्या घड्यांत बसली. एका पावसाळ्यात उंदरांनी पट्टा कुरतडला. मी त्याचे वाईट वाटून घेत नाही. थंड पाणी देणारी दुसरी वस्तू आली, तर तिला जागा द्यावीच लागते.

माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी छागल असेल, तर ती ओली असताना कोंबून ठेवू नका. सावलीत वाळवा आणि बूच उघडे ठेवा, नाहीतर आत वास धरतो. आणि घरातले म्हातारे माणूस एखाद्या गोष्टीला अडून बसले, तर हट्टी म्हणण्याआधी, हसण्याआधी, त्याच्याजवळ बसून एकदा कारण विचारा. ते सांगेल. बहुतेक वेळा कोणी विचारलेले नसते, म्हणून त्याने सांगितलेले नसते. कारण कळले की उपाय सापडतो, आणि मग कोणाला खोटे बोलावे लागत नाही.

रंभाबाई एकोणीसशे सत्याऐंशी साली, पौष महिन्यात, कोराडीच्या त्याच क्वार्टरमध्ये सकाळच्या वेळी वारल्या. गोपिका त्यांच्याजवळ होती.